‘ञ’ लागतो त्या गावात: मेळघाटातले पाच दिवस

दिवस पहिला

अमरावतीहून परतवाडा आणि तिथून धारणीची एसटी. होळी तीन दिवसांवर होती, त्यामुळे गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. कामासाठी बाहेर गेलेली माणसं गावाकडे निघालेली. पुण्याकडून, नागपूरकडून, कुठल्या कुठल्या बांधकामांवरून. गोण्या, पातेली, कडेवरची मुलं. मेळघाटातला माणूस दिवाळीला येईल न येईल, होळीला येतोच.

घटांग मागे पडलं की जंगल सुरू होतं. मार्चमध्ये साग बोडका असतो, पळस मात्र पेटलेला. सेमाडोहला सिपना नदी ओलांडली. हा पूल मी किती वेळा ओलांडला असेन, आणि इतकी वर्षं मला वाटत होतं की सिपना म्हणजे ‘सपना’चंच काहीतरी रूप. शेजारी बसलेल्या आजोबांना सहज विचारलं. ते म्हणाले, “सिपना म्हणजे साग, बाई. आमच्या बोलीत.” आणि खिडकीतून हात बाहेर काढून दोन्ही काठांवरचा सागच दाखवला.

मी शाळेत चित्रकला शिकवते. माझी एक मैत्रीण हरिसालच्या पुढच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. महिन्यापूर्वी तिचा फोन आला होता. पहिलीत येणाऱ्या मुलांना मराठी कळत नाही, पुस्तक मराठीत, बाई मराठीत बोलणार, आणि पोर घरून फक्त कोरकू भाषा घेऊन आलेलं. गावातल्या बायकांनीच सुचवलं की शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर आपली चित्रं काढू, खाली आपले शब्द लिहू. “तुला रंगातलं कळतं, ये,” ती म्हणाली.

गाव कोरकू आदिवासींच्या गावासारखंच. मधोमध रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना एकमेकांकडे तोंड करून घरांच्या सरळ ओळी, बांबूच्या कुडाच्या भिंती मातीनं लिंपलेल्या. रस्ता इतका स्वच्छ झाडलेला की चप्पल काढून चालावंसं वाटलं.

रात्री अंगणात बाजेवर बसून मैत्रिणीनं सांगितलं ते ऐकून मी गप्प झाले. मेळघाटाच्या चहूबाजूंना मराठी, हिंदी, गोंडी. यांतल्या एकीशीही कोरकूचं रक्ताचं नातं नाही. तिच्या बहिणी संथाली, मुंडारी, हो. त्या राहिल्या झारखंडाकडे, ही एकटी सातपुड्यात. या घराण्याच्या दूरच्या नातलग भाषा पार कंबोडियापर्यंत पोचतात, आणि या सगळ्या गोतावळ्यात सर्वांत पश्चिमेला राहणारी ती कोरकूच. २०११ च्या जनगणनेत सुमारे ७ लाख २७ हजार लोकांनी कोरकू ही मातृभाषा सांगितली, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र मिळून. संथाली २००३ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली, कोरकू नाही.

आकडा लहान नाही, हे खरं. पण रस्त्यालगतच्या घरांतून काय ऐकू येतं ते मी त्याच संध्याकाळी ऐकलं होतं. आजी कोरकूत हाक मारत होती, आणि सहा वर्षांचा नातू स्वच्छ मराठीत “आलो ना” म्हणत होता. तो पुण्याच्या एका बांधकामावर वाढलेला. आजीचं त्याला सगळं कळत होतं, पण त्याच्या तोंडून कोरकू येत नव्हती. हे मोजणाऱ्याच्या कागदावर कसं दिसणार?

दिवस दुसरा

माझी चूक आधी सांगते. मी पुठ्ठ्याचे साचे कापून नेले होते. दोन त्रिकोण जोडलेली माणसं, गोल रिंगण, मध्ये तारपा वाजवणारा. आदिवासी गावची भिंत म्हटल्यावर माझा हात आपसूक तिकडेच गेला होता.

बायका जमल्या. एका म्हाताऱ्या आजींनी साचा उचलला, उजेडात धरला, उलटा करून पाहिला आणि विचारलं, “हे कोन आहेत?” मी म्हटलं, वारली. “वारली कुठं राहतात?” मी म्हटलं, पालघरकडे, समुद्राजवळ. त्यांनी साचा माझ्या हातात परत दिला. “मग त्याहीच्या गावात काढा ना, माय.”

त्या रागावल्या नव्हत्या, त्यांनी मला फक्त पत्ता सांगितला होता. पण मला दिवसभर ते लागून राहिलं. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या माणसानं वारली चित्र लग्नाच्या चौकातून बाहेर काढून जगापुढे नेलं, हे मोठंच काम. आपण शहरातल्यांनी मात्र त्याचा छाप करून टाकला. उड्डाणपुलाचे खांब, सरकारी कचेऱ्यांची कुंपणं, आश्रमशाळांच्या भिंती, सगळीकडे तेच त्रिकोण. भिल्लांच्या मुलखात तेच, गोंडांच्या मुलखात तेच, आणि काल माझ्या पिशवीत इथपर्यंत आले तेही तेच. एका जमातीची कला दुसऱ्या जमातीच्या भिंतीवर चढवली की दोघांचंही पुसलं जातं.

मग तुमचं काय काढायचं? कोणी काही बोलेना. बराच वेळ नुसतं हसणं आणि पदर तोंडाला लावणं. शेवटी त्याच आजींनी बाही वर सरकवली आणि हात माझ्यापुढे धरला.

गोंदण. मनगटापासून कोपरापर्यंत, जुनं, हिरवट निळं, सुरकुत्यांत मुरलेलं. ठिपक्यांच्या ओळी, ओळींमधून तिरप्या रेघा, मध्येच ठिपक्यांचा एक पुंजका, फुलासारखा. मी वही काढली. आजींनी माझं बोट धरून एकेका ठिपक्यावर ठेवलं, म्हणजे एकही सुटू नये. हात कागदासारखा ताणून धरायला सुनेनं मदत केली. दुसरी आली, तिच्या कपाळावर गोंदण. तिसरीच्या पोटरीवर. तासाभरात माझ्या वहीत अकरा बायकांचं अंग उतरलं होतं. त्यांच्यापैकी कोणाच्याही मुलीच्या हातावर यातलं काही नव्हतं. एकीच्या मुलीच्या मनगटावर इंग्रजी अक्षर होतं, जत्रेत यंत्रानं काढून घेतलेलं.

दुपारी रंगांचं झालं. मी नेलेले डबे मैत्रिणीनं कपाटातच ठेवायला सांगितले. चुना, गेरू, कोळशाची पूड, ओढ्याकाठची पिवळी माती. माती भिंतीला धरून राहावी म्हणून धावड्याचा डिंक रात्रीच भिजत घातलेला होता. बांबूची काडी घ्यायची, टोक दगडावर ठेचायचं, तंतू सुटे झाले की कुंचला तयार. मुलांनी वीस कुंचले केले आणि वीसही निराळे.

भिंतीवर चौकटी आखायच्या होत्या. दोरी गेरूत बुडवून ताणायची आणि फटकन सोडायची, की सरळ रेघ उमटते. मुलं मोजू लागली: मिया, बारी, अफई, उफुन, मोनोई. पाच झाले आणि पुढे “छे, सात, आठ”. आजी ओट्यावरून ओरडल्या, “तुरुई!” मुलं थांबली. आजींनी बसल्या जागेवरून सांगितलं: तुरुई, येई, इलार, अरेई, गेल. भाषेतून सगळ्यात आधी आकडे जातात, बाजारात जाऊन जाऊन, असं मैत्रीण म्हणाली. त्या दिवशी आम्हाला चाळीस चौकटी आखायच्या होत्या, म्हणजे दहापर्यंत चार वेळा मोजावं लागलं.

दिवस तिसरा

आज भांडणं झाली, आणि मला वाटतं या सगळ्या प्रवासात सगळ्यात मोलाचं काही असेल तर ती भांडणंच.

पहिलं भांडण पाण्यावरून. विहिरीचं चित्र झालं, खाली शब्द लिहायचा. बारावी झालेल्या एका पोरानं ‘डा’ लिहिलं. एका बाईंनी ते वाचून घेतलं आणि मान हलवली. बोलताना शेवट घशात गिळतात, तो कुठं आहे? पोर म्हणाला, ते लिहिता येत नाही. “येत नाही तर शीक,” बाई म्हणाल्या. मग कोणी विसर्ग सुचवला, कोणी शेवटी अर्धा क, कोणी नुसती आडवी रेघ. प्रत्येक सुचवणीनंतर सगळ्या बायका तो शब्द मोठ्यानं म्हणून पाहायच्या, कान देऊन, आणि नाही म्हणायच्या. आपण जन्मभर बोलतो तो आवाज नेमका कुठं तुटतो, हे त्या पहिल्यांदाच इतक्या जवळून ऐकत होत्या. पाऊण तासानं ‘डा’ तसाच ठेवला आणि वर एक बारीक ठिपका दिला, गोंदणातल्यासारखा. तो ठिपका आला की घसा बंद करायचा, असं मुलांना सांगायचं ठरलं. कुठल्या व्याकरणात बसतो, न बसतो, मला ठाऊक नाही. मुलांना एका मिनिटात कळलं.

दुसरं भांडण कुत्र्यांवरून. एका मुलीनं दोन कुत्री काढली, पाठीला पाठ लावून झोपलेली, फार सुंदर. खाली लिहिलं ‘सिटा’. आजी म्हणाल्या, “एक आहे का?” कोरकूत एक, दोन आणि दोनाहून जास्त असे तीन हिशेब आहेत. माणूस ‘कोरो’, पुष्कळ माणसं ‘कोरोकू’. जमातीचं नावच मुळी ‘माणसं’. आणि दोनच असतील तर निराळा प्रत्यय, ‘किञ्’. आपल्याकडे संस्कृतातलं द्विवचन शाळेतल्या पाठांतरापुरतं उरलंय. इथं झोपलेल्या दोन कुत्र्यांसाठी ते हवंच असतं.

आणि ‘किञ्’च्या शेवटी तो ‘ञ’. मी हातात कुंचला धरून थांबले. लहानपणी मुळाक्षरं गिरवताना ‘च छ ज झ’ झालं की पुढे हे अक्षर यायचं. तक्त्यावर त्याच्यापुढे चित्रच नसायचं. बाई म्हणायच्या, याचा शब्द नाही, नुसतं म्हणा. चाळीस वर्षांत मी ते एकदाही स्वतःहून लिहिलेलं नाही. कोरकूत ‘मी’ या शब्दालाच ते लागतं: ‘इञ्’. मैत्रिणीच्या वर्गातल्या तक्त्यावरही त्या अक्षरापुढची चौकट रिकामी होती. तिनं दुपारीच आत जाऊन तिथं एक पोर काढलं, छातीवर हात ठेवलेलं.

तिसरं भांडण मथळ्याचं, आणि ते संध्याकाळपर्यंत चाललं. भिंतीच्या वर मोठ्या अक्षरांत काहीतरी हवं होतं. मी म्हटलं, ‘आम्ही’ असा एकच शब्द लिहा. त्यावर तो बारावी झालेला पोरगा म्हणाला, “कोणता आम्ही?”

मराठीत आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. समोरच्याला धरून ‘आपण’, त्याला सोडून ‘आम्ही’. हिंदीत तो नाही, त्यामुळे मला आपल्या भाषेचा त्याबद्दल अभिमान वाटत आला आहे. कोरकूत चार शब्द निघाले. तू आणि मी, दोघंच: आलांग. मी आणि आणखी एक, तू नाहीस: आलिञ्. आपण सगळे, तुला धरून: आबुंग. आम्ही सगळे, तुला सोडून: आले.

पोराचं म्हणणं, ‘आले’ लिहा. भिंत रस्त्याकडे आहे, जाणारे-येणारे बघतील, साहेब लोक फोटो काढतील. त्यांना कळू दे, हे आम्ही आहोत. त्याच्या बोलण्यात धार होती आणि ती खरी होती. दहावीला असताना वसतिगृहात कोरकू बोलल्यावर पोरं त्याला हसायची, हे त्यानं मला आदल्या रात्री सांगितलं होतं. एक-दोन बाप्ये त्याच्या बाजूचे झाले.

आजी बऱ्याच वेळानं बोलल्या. कोरकूत बोलल्या, मैत्रिणीनं मला सांगितलं ते असं: वाचणार कोण? साहेबाला कोरकू येते का? येत नाही. म्हणजे वाचणार आपलीच पोरं. आपल्याच पोराला ‘आले’ म्हणशील, तर त्याला घराबाहेर काढल्यासारखं होईल.

कोणी काही बोललं नाही. पुण्याहून आलेला तो सहा वर्षांचा पोरगा तिथंच पिवळी माती कालवत बसला होता. थोड्या वेळानं त्या तरण्यानं शिडी लावली आणि चुन्यानं हातभर उंचीची अक्षरं काढली: आबुंग.

दिवस चौथा

होळीचा दिवस. सकाळी काम बंद. गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली मुंडे आहेत, ते दाखवायला एक दादा घेऊन गेले. मुंडा म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावानं उभी केलेली सागवानी फळी. माणूस गेल्यावर सवडीनं, कधी काही वर्षांनी, ऐपत होईल तसा सिडोलीचा विधी करतात आणि तेव्हा मुंडा बसतो. मोहाची फुलं नुकती गळायला लागली होती, फळ्यांच्या पायाशी पिवळसर सडा. दहाबारा फळ्या, काही सरळ, काही कललेल्या, दोन वाळवीनं निम्म्या झालेल्या. वर सूर्य, चंद्र. खाली घोड्यावरचा स्वार. आणखी खाली हातात हात घालून नाचणारी माणसं, कडेनं त्रिकोणांची नक्षी.

दादा स्वतः कोरतात. त्यांच्या अंगणात एक अर्धी फळी होती. त्यांनी माझ्यासमोर घोड्याचा मागचा पाय कोरला. पटाशी अगदी आडवी धरून, मुठीनं हलके ठोके देत, सागाची कुरळी साल बोटाएवढी उठवायची आणि फुंकर मारून उडवायची. गुडघ्याशी रेघ वळवताना त्यांचा श्वास थांबायचा. पाय झाल्यावर त्यांनी अंगठ्यानं तो चाचपला, डोळे मिटून, आणि पुन्हा केसभर तासलं.

भिंतीवर घोडा काढू या का, असं मी विचारलं. मुलांनाही तो फार हवा होता, आणि चित्रकलेची बाई म्हणून सांगते, या सगळ्या परिसरात इतकी जिवंत रेघ दुसरी नव्हती. दादांनी नाही म्हटलं. सूर्य घ्या, चंद्र घ्या, ते सगळ्यांचे आहेत. घोडा त्या माणसाचा, ज्याच्या नावानं फळी आहे. मी मनातल्या मनात बरंच झगडले. भिंतीवर नसेल तर पुढची पोरं तो बघणार कुठं? पण मग ध्यानात आलं की पोरं इथं येतात. फुलं वेचायला येतात, मुंड्याशेजारी टोपली ठेवतात, विचारतात हा कोण. दादा नाव सांगतात, त्याच्या बायकोचं नाव, तो कसा होता ते. घोडा भिंतीवर गेला असता तर नुसता घोडा झाला असता.

दादांचा भाऊ जंगलाच्या आतल्या गावात होता. मेळघाट १९७३-७४ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक. पुढे आतली काही गावं उठून अकोटकडे सपाटीला गेली, त्यांत भावाचंही. जमीन मिळाली, घर मिळालं. “मुंडे तिथंच राहिले,” दादा म्हणाले. आता बापाच्या मुंड्यापाशी जायचं तर परवानगी लागते. नव्या गावात भावाच्या पोरांना कोणी विचारत नाही हा कोण, कारण तिथं विचारण्यासारखं काही उभंच नाही. वाघ जगला पाहिजे, यात मला शंका नाही. पण सामानाच्या यादीत मुंडे कोणीच कसे लिहिले नाहीत?

रात्री होळी पेटली. ढोल आणि बासरी, आणि बायकांची लांबलचक रांग, एकमेकींच्या कमरेत हात घालून. सुसुन म्हणजे नाच. पावलं दिसायला सोपी, घालायला अवघड. दोनदा पुढे, एकदा मागे, आणि मध्येच गुडघ्यात एक हलका झोल, तिथं मी दर वेळी चुकले. गाणं एका बाजूची रांग म्हणते, दुसरी उचलते. पुण्याचा पोरगा आजीच्या पदराला धरून रांगेत होता. गाण्याचे शब्द त्याला येत नव्हते, पण ओळीचा शेवट तो सगळ्यांबरोबर म्हणत होता, जोरात.

दिवस पाचवा

सकाळी भिंत एकदा पाहून घेतली. रात्री कोणीतरी पुन्हा काम केलं होतं. ‘आबुंग’च्या खाली एका ओळीत हातांचे पांढरे ठसे, बायकांचे, पोरांचे, आणि प्रत्येक ठशाच्या मनगटावर त्या त्या बाईचं गोंदण बारीक काडीनं काढलेलं. मुलींच्या ठशांवरही आयांचं गोंदण होतं. मला कोणी बोलावलं नव्हतं आणि तेच बरं झालं.

साचे मी मैत्रिणीच्या चुलीपाशी ठेवले. पुठ्ठा आहे, पेटवायला होईल.

एसटी गावापासून पाच मिनिटांवर गेली असेल, तर रस्त्यावर आडवी दोरी. होळीनंतर मेळघाटात असंच. पोरी-बायका गाडी अडवतात, फगवा मागतात, दिल्याशिवाय सोडत नाहीत. पाच-सहा पोरी गाणं म्हणत खिडकीशी आल्या. प्रवाशांनी नाणी दिली, मी दिली, वाहकानंही खिशात हात घातला. सगळ्यात मोठीनं ओंजळ उघडली आणि तिथंच रस्त्यावर बसून नाणी मोजायला घेतली. मिया, बारी, अफई, उफुन, मोनोई. एक क्षण थांबली. तुरुई. येई. मग पुढे “आठ, नौ, दस”, घाईघाईनं, कारण मागून ट्रकचा हॉर्न वाजत होता. धाकटीनं दोरीचं टोक सोडलं.